परवाना, पेढी आणि प्रयोग



घराण्याच्या पेढीत नवा प्रयोग करावयाचा तो घरच्या भांडवलावर. तो फसला तर तोटा कुटुंबाच्याच खाती पडतो. म्हणून अशा पेढीस राज्यकर्त्यांचा आधार हवासा वाटतो. त्या आधाराने प्रयोगास बळ येते, की प्रयोगाची गरजच उरत नाही? शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाच्या इतिहासात दोन्ही उत्तरे सापडतात.

सोलापूरच्या जैन घराण्यात १८८२ साली जन्मलेल्या वालचंदांनी १९१९ मध्ये सहकाऱ्यांसह सिंदिया कंपनी काढून 'लॉयल्टी' ही बोट लंडनला धाडली, तेव्हा सत्ता परक्यांची होती आणि सागरी वाहतूकही त्यांच्याच मुठीत होती. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभा राहिला, त्यास मात्र म्हैसूर दरबारचे भांडवल आणि दिवाण सर मिर्झा इस्माईल यांचे पाठबळ लाभले. येथे दरबार जोखमीतच भागीदार झाला.

१९५१ च्या उद्योग कायद्यानंतर संबंधांचे स्वरूप पालटले. परवान्यावाचून नवा कारखाना निघेना, जुन्याची क्षमता वाढेना. कर्त्या पुरुषांचे दिवस दिल्लीच्या वाऱ्यांत जाऊ लागले. वालचंदांनीच स्थापिलेल्या प्रीमियरची १९६४ ची फियाट पुढे 'पद्मिनी' या नावाने शतक संपेपर्यंत जवळजवळ त्याच रूपात निघत राहिली. दोष केवळ घराण्याचा नव्हे. मोटारींच्या किमतीही काही काळ सरकारच ठरवीत असे, आणि परकीय चलन दुर्मिळ होते. परंतु आगाऊ पैसे भरून वर्षानुवर्षे नंबराची वाट पाहणारे गिऱ्हाईक दाराशी असता नवा माल कोण मांडील? (कापडबाजारात असे गिऱ्हाईक स्वप्नातही येत नाही!)

बजाज घराण्याचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. जमनालालजी गांधीजींच्या अत्यंत निकटचे. तरीही त्यांच्या वारसांच्या स्कूटर कारखान्यास क्षमता वाढविण्यासाठी परवान्याची वाट पाहावी लागे. १९९१ नंतर परदेशी कंपन्यांच्या बरोबरीच्या अटी मागणाऱ्या 'बॉम्बे क्लब'मध्ये राहुल बजाज अग्रभागी होते. त्याच घराण्याने स्कूटरचा बाजार ओसरू लागताच मोटारसायकलच्या स्वतंत्र आरेखनावर पैसा घातला आणि २००१ मध्ये 'पल्सर' आणली. स्कूटरसाठी रांग लागत होती तोवर एवढी निकड कधी भासली नव्हती.

२०२१ मध्ये मंजूर झालेल्या वाहनउद्योगाच्या उत्पादननिगडित प्रोत्साहन योजनेत पैसा मिळतो तो गुंतवणूक आणि विक्री झाल्यानंतर. ही अट रास्तच आहे. मात्र पात्रतेसाठी प्रस्थापित वाहननिर्मात्या समूहास दहा हजार कोटींची, तर सुटे भाग करणाऱ्यास पाचशे कोटींची उलाढाल लागते. भोसरीतील बापलेकांच्या छोट्या कारखान्यास नवे यंत्र घ्यावयाचे ते अद्याप बँकेच्या कर्जावर, नाहीतर घरच्या शिलकीतूनच.