मठ गेला, चर राहिले



आज आम्ही इंग्लंडातल्या लेस्टर गावच्या एका हरवलेल्या मठाविषयी सांगणार आहोत. लेस्टर हे एकेकाळचे होजिअरी कारखान्यांचे गाव, म्हणजे आपणा गिरणीवाल्यांना तसे परके नाही.

तेराव्या शतकात तिथे फ्रान्सिस्कन पंथाच्या भिक्षेकरी साधूंचा मठ झाला. अंगावर करडा झगा, म्हणून लोक त्यांना ग्रेफ्रायर्स म्हणत. १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत राजा तिसरा रिचर्ड मारला गेला. जिंकणाऱ्यांनी त्याचे प्रेत लेस्टरात लोकांना दाखवायला ठेवले. शेवटी त्याला जागा मिळाली ती या साधूंच्या चर्चमध्ये.

१५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद झाला. इमारत पाडली, दगड-लाकूड विकले. पुढे तिथे घर झाले, बाग झाली, शेवटी नगरपालिकेच्या मोटारी उभ्या राहू लागल्या. राजाची हाडे लोकांनी सोअर नदीत फेकली, अशी वदंता पसरली आणि पुस्तकांतही छापली गेली. मग कोण कशाला शोधतो?

पण मठाचे नाव रस्त्यांना होते, जुने नकाशे होते. त्यांच्या आधाराने लेस्टर विद्यापीठाच्या माणसांनी २०१२ च्या ऑगस्टमध्ये डांबर फोडले. भिंती नव्हत्याच. पण पायाचे दगड जिथून उपसून नेले, तिथे चर राहिले होते, चुना-खडी मिसळलेल्या मातीनं भरलेले. त्या चरांवरून मठाचा आराखडा जुळत गेला. चर्चच्या पूर्व भागात, आखूड आणि घाईनं खोदलेल्या खड्ड्यात सांगाडा मिळाला. पाठीचा कणा वाकडा, कवटीवर नऊ जखमा. राजाच्या बहिणीच्या वंशातल्या हयात माणसांशी डीएनए जुळला. ४ फेब्रुवारी २०१३ रोजी विद्यापीठाने जाहीर केले की हाच तिसरा रिचर्ड. नदीची गोष्ट खोटी ठरली.

जगभर गाजावाजा झाला तो राजाचा. आम्हाला मात्र त्या साधूंची आठवण होते. हरलेल्या माणसाला माती दिली त्यांनी. त्यांची नावे कोण घेतो?

तेव्हा तरुण मंडळींना आमचे सांगणे एवढेच, की गोष्ट कितीही जुनी असो, छापलेली असो, तिला पुरावा मागा. आणि आपल्या चाळींची, गल्ल्यांची जुनी नावे वहीत लिहून ठेवा. चाळ पडेल, टॉवर उभा राहील. पण नाव राहिलं तर पुढच्यांना कुठे खणायचं ते कळेल.