अर्ध्यावर काढून घेतलेला हात



परदेशांतील कोवळ्या लोकशाही राष्ट्रांना भारत जे सैनिकी साहाय्य देतो, ते आपल्या संसदेने चालू ठेवावे, असे आज आम्ही मांडणार आहोत. सकाळच्या लोकलची गर्दी सोडून मालदीव आणि काबूलची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. परंतु पुस्तक न उघडता हा विषय ज्यांना कळावा, असे लोक महाराष्ट्रात कोठे असतील, तर ते बोईसर-पालघरलाच.

तारापूरची हकीकत आठवा. १९६३ च्या ऑगस्टात भारत व अमेरिका यांच्यात करार झाला. अणुभट्ट्या अमेरिकेने उभारून द्यावयाच्या आणि त्यांना लागणारे समृद्ध युरेनियम तीस वर्षे पुरवावयाचे. १९६९ साली येथून वीज वाहू लागली. पुढे १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि १९७८ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून जुन्या करारावर नवी अट बसविली. सप्टेंबर १९८० मध्ये तारापूरच्या इंधनाचा प्रश्न वॉशिंग्टनात मतास आला. प्रतिनिधिगृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी ते नाकारले. सिनेटात ४६ जण अडविण्याच्या बाजूचे निघाले, ४८ विरुद्ध. म्हणून ती खेप सुटली. दोन मते! हजारो मैलांवरच्या एका सभागृहातील दोन मतांवर आपल्या गावाशेजारची भट्टी टांगलेली होती. अखेर १९८२ साली फ्रान्सकडून इंधन घेण्याची तडजोड झाली.

अण्वस्त्रांचा प्रसार थांबावा ही अमेरिकेची इच्छा वाईट होती, असे आम्ही म्हणत नाही. पण भट्टी म्हणजे काही बैलगाडी नव्हे, की एक बैल गेला तर शेजाऱ्याचा आणून जुंपावा. जे इंधन देऊ म्हणून ती बांधली, तेच तिला लागते.

शस्त्रांचेही तसेच आहे. सैनिकी साहाय्य म्हणजे बंदुकांच्या पेट्या नव्हेत. सुटे भाग, दुरुस्ती करणारे हात आणि शिकविलेले अधिकारी मिळून ते साहाय्य होते. २०२१ साली अमेरिकेने अफगाणिस्तानातून सैन्य काढले, तेव्हा विमानांची देखभाल करणारे परदेशी कंत्राटी यंत्रज्ञही निघून गेले. अफगाण वायुदलाची विमाने एकामागून एक जमिनीवर बसली आणि ऑगस्टात काबूल पडले. त्या पडझडीला इतरही कारणे होती. पण हे लहान नव्हते. त्याच काबूलमध्ये भारताने बांधून दिलेल्या संसदभवनाचे उद्घाटन डिसेंबर २०१५ मध्ये झाले होते. चार लढाऊ हेलिकॉप्टरेही आपण दिली होती. अफगाण तरुण आपल्याकडे अधिकारी होण्यास येत. काबूल पडले तेव्हा त्यांतले काही येथेच शिकत होते. ज्या सैन्यासाठी शिकावयाचे, ते सैन्यच उरले नाही.

उलट भूतान पाहा. १९६२ पासून भारताचे सैनिकी शिक्षणपथक तेथे आहे. सरकारे बदलली, पथक राहिले. २००८ साली राजानेच पुढाकार घेऊन तेथे पहिली संसदीय निवडणूक झाली. ती आमच्या शिक्षकांमुळे झाली असे म्हणणे फुशारकीचे होईल. पण ज्या देशाला सीमेची रात्रंदिवस धास्ती नाही, त्याला मतपेटीचा विचार करावयास सवड मिळते, एवढे खरे. मालदीवला दिलेल्या हेलिकॉप्टरांतून दूरच्या बेटांवरील रोगी इस्पितळात नेले गेले. २०२४ च्या मे महिन्यात तेथील नव्या सरकारच्या आग्रहावरून आपले सैनिक परत आले. पण त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ पाठविले गेले. रागाच्या भरात यंत्रेच परत नेली नाहीत, हे शहाणपण आम्हांस फार मोलाचे वाटते.

आता अवघड बाजू. डिसेंबर २०२० मध्ये भारताने दिलेली पाणबुडी म्यानमारच्या नौदलात दाखल झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तेथील सेनापतींनी निवडून आलेले सरकार तुरुंगात टाकले. देताना लोकशाहीला दिले, राहिले कोणाच्या हाती? म्हणून साहाय्य कधी थांबवावे, हेही ठरलेले हवे. फेब्रुवारी २००५ मध्ये नेपाळच्या राजाने सत्ता बळकावली, तेव्हा आपण शस्त्रपुरवठा रोखला, आणि ते योग्यच केले. मतपेटी उधळली गेली तर हात आखडावा, एरवी नव्हे. तेथील नवे सरकार आपल्याविषयी कडू बोलले, किंवा यंदा येथे खर्चाची ओढाताण आहे, ही कारणे पुरेशी नाहीत.

साहाय्य नेहमी बलाढ्यानेच दुर्बळास द्यावे, असेही नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतील मुख्य इमारतीचे नाव ‘सुदान ब्लॉक’. दुसऱ्या महायुद्धात भारतीय जवानांनी सुदानच्या रक्षणासाठी रक्त सांडले, म्हणून सुदानने एक लाख पौंड देऊ केले. त्या देणगीची ती खूण. आज तेथे मित्रराष्ट्रांची मुलेही आपल्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून शिकतात.

आणि हे सारे ठरते कोठे? दिल्लीत, अनुदानांच्या मागण्यांत. पण वेळ संपली की बऱ्याच खात्यांच्या मागण्या चर्चेवाचून एकदम मंजूर होतात. सभागृहात त्याला गिलोटिन म्हणतात, आणि नाव समर्पक आहे. वॉशिंग्टनात निदान मते मोजली गेली. आपल्याकडे वाढ असो की कपात, अनेकदा कोणाच्या लक्षातही येत नाही.

२००९ पासून पालघरचा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ आहे. खासदार पुढल्या खेपेस सभेला येतील, तेव्हा रेल्वेचे गाऱ्हाणे जरूर सांगा. ते रास्तच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक विचारा: परराष्ट्र आणि संरक्षण खात्यांच्या मागण्या आल्या त्या दिवशी आपण सभागृहात होता काय, आणि मित्रराष्ट्रांच्या शिक्षणार्थींच्या जागा व दिलेल्या यंत्रांचे सुटे भाग यांविषयी एखादा प्रश्न तरी विचारलात काय?