माजघराच्या भिंतीला सिमेंट लावू नका

पावसाळा सरला की जुन्या वाड्यांच्या डागडुजीचे प्रश्न येऊ लागतात, आणि एक प्रश्न त्यात हमखास असतो. माजघराची बैठकीची खोली करायची आहे, कोपऱ्यातली चूल बंद करायची आहे, भिंतीला मात्र ओल आहे. तर सिमेंटचा गिलावा किती जाड द्यावा? माझं उत्तर आहे, देऊच नये. अर्धा इंचही नाही. माजघराची भिंत बहुधा दगडमातीची किंवा कच्च्या विटांची असते, दीड-दोन फूट जाड. तिच्या जोत्यात ओल अडवणारा थर घातलेला नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी थोडंफार वर चढतच राहतं. पूर्वीच्या गवंड्यांनी ते अडवलं नाही, त्याला बाहेर पडायला वाट ठेवली. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात भिंतीत आलेली ओल हिवाळ्या-उन्हाळ्यात त्यातून उडून जाते.

सिमेंटचा थर ही वाट बुजवतो. ओल मग आतल्या आत आणखी वर चढते. तिच्यातले क्षार गिलाव्यामागे साठतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि मूळच्या मातीचा पापुद्रा घेऊनच पोपडे सुटतात. बोटाच्या पेराने गिलावा वाजवून पाहा. पोकळ आवाज आला तर तिथे तो भिंतीपासून सुटला आहे, असं समजा. याहून वाईट गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. सागवानी तुळयांची टोकं याच भिंतीत रुतलेली असतात. ती सतत ओलसर राहिली की कुजतात, वाळवी लागते, आणि भिंत वरून गुळगुळीत दिसत असताना माळ्याचा आधार आतून जातो. पोपडे पडले की पुन्हा सिमेंटच लावणाऱ्यांना काय सांगावं? अहो, ज्याने दुखणं आणलं तेच औषध म्हणून किती वेळा द्याल?

यावर सांगितलं जातं, की सिमेंट मजबूत असतं. असतं ना! पण मऊ भिंतीवर कडक थर बसवला की भिंत हलताना तडे जातात, आणि त्या तड्यांतून आत गेलेलं पाणी अडकून पडतं. गिलावा भिंतीपेक्षा मऊच हवा. झिजायचं तर त्याने झिजावं, भिंतीने नव्हे. दुसरा आक्षेप असा, की चुन्याचं काम जाणणारे गवंडी मिळत नाहीत. कमी आहेत, हे खरं. पण चुना आजही मिळतो. साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू घेऊन पातळ थर द्या, आठवडाभर तो ओलसर ठेवा. सिमेंटची घाई तेवढी करू नका. आणि ‘पकड यावी म्हणून थोडं सिमेंट मिसळू’ असं कुणी म्हणालं, तर ठाम नाही म्हणा. तैलरंग आणि प्लास्टिकचा रंगही तीच वाट बुजवतात. भिंतीला चुन्याची सफेदीच द्या. सारवलेली जमीन काढून सलग गुळगुळीत फरशी बसवली, तर खालची ओल भिंतीकडे वळते, हेही ध्यानात ठेवा.

चुलीबद्दल थोडक्यात. चूल काढली तरी धुराडं लिंपून टाकू नका. वर पावसापासून आडोसा करा, जाळी लावा आणि हवा खेळती ठेवा. पुन्हा पेटवणार असाल, तर आधी काजळी काढून घ्या. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि तो जीव घेतो. चुन्याबाबतही एक सावधगिरी: चुनकळी भिजवताना ती उकळते, म्हणून मुलांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा असू द्या.

आणि गिलाव्याला हात घालण्याआधी छपरावर चढा. फुटलेली कौलं बदला, पन्हळी साफ करा, जोत्यालगत साचणारं पाणी दूर काढून द्या. मग एक उन्हाळा भिंत मोकळी सोडा. वाळू द्या तिला. इतकं केल्यावर पुष्कळ घरांत नव्या गिलाव्याचं काम निम्म्यावर येतं, आणि पैसेही वाचतात.