रविवारची मिसळ
नाशकात स्वस्तात पोटभर खायचं असेल तर रविवारी सकाळी मिसळीची वाट धरावी. इथली मिसळ म्हणजे मोड आलेली मटकी, वर शेव-फरसाण, कांदा, लिंबू, शेजारी पापड आणि दही. रस्सा वेगळा येतो आणि संपला की पुन्हा मागायला कुणी लाजत नाही. कोल्हापुरात मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात; नाशिककराला मात्र पावच हवा.

खरी गंमत रश्शाची. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळपट होईपर्यंत भाजतात, त्यात काळा मसाला पडतो, म्हणून तो काळा रस्सा. पंचवटी कारंजावरच्या ‘अंबिका’ची ओळखच हा रस्सा. पहिल्यांदा खाणाऱ्यांनी तर्री जरा बेतानंच घ्यावी, एवढं सांगून ठेवते!

बारदान फाट्याजवळच्या ‘साधना’त मिसळ चुलीवर शिजते. तिथं सुट्टीच्या दिवशी कुटुंबंच्या कुटुंबं नंबर लावून बसलेली दिसतात. सातपूरला औद्योगिक वसाहत असल्यामुळे तिथल्या मिसळीला कामगारांचा आधार. मखमलाबादच्या बाजूला तर द्राक्षबागेत बसून मिसळ खाता येते. बागेचं मला कौतुक आहे, पण मिसळीला खरी चव येते ती दाटीवाटीच्या बाकावरच, असं माझं मत.

उपवास असेल तर जुन्या नाशकात ‘सायंतारा’चा साबुदाणा वडा आहेच. मिसळीसाठी मात्र सकाळीच निघा; दुपार कलली की बऱ्याच ठिकाणी पातेली घासायला गेलेली असतात.