तंट्याचा खर्च कोणाच्या घरांतून जातो?

(पुणें शहरांतील सभेंत एका ग्रामशिक्षकानें दिलेलें व्याख्यान)



शिवाजीनगरच्या कोर्टाबाहेर झाडाखालीं भाकरी सोडून बसलेलीं माणसें आपण पाहिलीं असतील. तीं बहुतेक आपल्याच भाऊबंदांतील असतात. मारामारी हें पाप आहे, हें तुम्हांस ठाऊक आहे. तिचा खर्च किती व तो कोण भरतो, एवढेंच मी आज सांगणार आहें.

पुणें जिल्ह्याचाच दाखला घ्या. १८६१ ते १८६५ अमेरिकेंत यादवी चालली, तेव्हां आपल्या कापसास भाव चढला आणि सावकारानें हात सैल सोडला. लढाई संपतांच भाव पडला व सावकारानें हात आखडला. त्यांतच नव्या आकारणीनें सारा वाढला. १८५९ च्या कायद्यानें रोख्याची मुदत तीन वर्षें ठरली होती. हेतु हा कीं, व्याज सांचूं नये. पण सावकार दर तीन वर्षांनीं मुद्दल व व्याज एक करून नवा रोखा लिहून घेई. शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज, असें एक प्रकरण सरकारी चौकशींत निघालें. या लुटीस लाठी लागली नाहीं, दौत-लेखणी पुरली.

डिसेंबर १८७४ मध्यें शिरूर तालुक्यांतील करड्याच्या लोकांनीं सावकारावर बहिष्कार घातला. कोणी त्याचें शेत करीना, न्हावी हजामत करीना, परीट कपडे धुईना. यांत कोणाचें डोकें फुटलें नाहीं. पुढें १२ मे १८७५ रोजीं सुप्यास लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. वह्या व रोखे जाळले, धान्यही लुटलें. दंगा पुणें व नगर जिल्ह्यांतील तीसांहून अधिक गांवांत पसरला. लोकांचा राग माणसांपेक्षां कागदांवर होता. पण मृग तोंडावर आला असतां धरपकड झाली. सावकाराचा कागद जळला, आणि कुळाचा नांगरधरा तुरुंगांत गेला.

या दंग्यानें सरकारचे डोळे उघडले, हेंही खरें. १८७९ च्या कायद्यानें कोर्टास रोख्यामागील जुना हिशेब तपासण्याचा अधिकार मिळाला. मग सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेऊं लागला! अक्षरशत्रूस कायदाही तारीत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं याच पुण्यांत १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला, आणि शेतकऱ्यास विद्या द्या म्हणून जन्मभर टाहो फोडला, तो उगीच नव्हे.

आतां आपल्या घरचा हिशेब करूं. दोघे भाऊ बांधावरून भांडले. वादाची पट्टी एक हात रुंद व दोनशें हात लांब. म्हणजे साडेचारशें चौरस फूट. अर्धा गुंठाही नाहीं. वर्षास सहा तारखा, दर तारखेस घरचीं दोन माणसें, आणि दावा दहा वर्षें. एका घराचे एकशेंवीस दिवस गेले, दोन्ही घरांचे दोनशें चाळीस. अर्ध्या गुंठ्यासाठीं आठ महिन्यांची मजुरी! वकील, स्टँप, प्रवास निराळा. आणि कुऱ्हाड चालली तर एक घर स्मशानांत, दुसरें तुरुंगांत. दोन्ही घरचीं पोरें शाळेंतून गुरांमागें. पटावरचीं अशीं नांवें खोडतांना शिक्षकाचा हात जड होतो.

मग निमूट सोसावें काय? मुळींच नाहीं. तंटामुक्त गांवाची मोहीम १५ ऑगस्ट २००७ पासून निघाली, ती चांगलीच. पण सलोखा म्हणजे दुबळ्यानें दबणें नव्हे. स्त्रीवर हात टाकला, जातीवरून छळ केला, तर तो तंटा नसून जुलूम आहे. तेथें पोलिसांतच गेलें पाहिजे. परवान्यावांचून सावकारी करून कोणी जमीन बळकावली, तर २०१४ च्या कायद्यान्वयें जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. बरोबरीच्या भावांचा वाद असेल, तर लोकअदालत आहे. तेथें तडजोड झाली तर भरलेली कोर्ट-फी परत मिळते व पुढें अपील राहत नाहीं.

म्हणून घरीं गेल्यावर एक करा. ज्याच्याशीं बांधाचा वाद आहे, त्याच्या ओट्यावर जा, आणि दोघांनीं मिळून आजवरचा खर्च एका कागदावर मांडा. बेरीज मात्र मुलीकडून करवा. ती शाळेंत जात असेल तर चुकणार नाहीं. ती बेरीज पाहून राग राहिला, तर खुशाल भांडा.