कचेरींतला टेलिफोन : जुनी सोय आणि नवें यंत्र

टेलिफोनची घंटा वाजूं लागली म्हणजे कचेरींत पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, उचलावयाचा कोणीं? घरांत यंत्र एकच असतें आणि जो जवळ असेल तो तें उचलतो. कचेरींत मेजें अनेक, माणसें अनेक आणि लाइनीहि एकाहून अधिक. तेथें कोणती लाइन वाजते आहे, कोणती गुंतली आहे आणि कोणत्या लाइनीवर एखादा माणूस उत्तराची वाट पाहत तिष्ठत आहे, हें सर्वांना एकाच वेळीं कळावें लागतें. हें कळविण्याची एक साधी युक्ति मागील पिढीनें शोधून काढली होती. इंटरनेटवरून बोलणें नेणारीं नवीं यंत्रें कचेऱ्यांत आलीं आणि ही युक्ति नकळत हातची निसटली. ती पुन्हां कशी साधावी, याचा हा विचार आहे.

मुंबईला टेलिफोनची ओळख फार जुनी आहे. २८ जानेवारी १८८२ रोजीं मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही शहरांतील एक्स्चेंजें सुरू झालीं. त्या काळीं जोडणी माणसाच्या हातानें होत असे. पुढें स्वयंचलित एक्स्चेंजें आलीं. १९६० सालीं कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान मध्यस्थावांचून परगांवीं बोलण्याची सोय देशांत प्रथम झाली. परंतु एक्स्चेंजनें लाइन कचेरीच्या दारापर्यंत आणून सोडली, तरी दाराच्या आंत तिची वाटणी कशी करावयाची हा प्रश्न कचेरीचा कचेरीलाच सोडवावा लागे. मोठ्या पेढ्या एक स्वतंत्र बोर्ड ठेवीत व त्यावर ऑपरेटर बसवीत. लहान कचेरीला हा खर्च परवडणारा नव्हता. तिच्यासाठीं जी व्यवस्था निघाली तिला ‘की सिस्टिम’ म्हणतात.

या व्यवस्थेचें मर्म असें, कीं प्रत्येक मेजावरील यंत्रावर प्रत्येक लाइनीचें एकेक बटण असतें आणि त्या बटणांतच दिवा असतो. अमेरिकेंतील बेल कंपन्यांचें ‘१ए२’ नांवाचें यंत्र या जातीचा प्रसिद्ध नमुना होय. त्याच्या नेहमींच्या यंत्रावर सहा बटणें असत; पांच लाइनींचीं आणि एक तांबडें, ‘होल्ड’चें, म्हणजे बोलणाऱ्यास थांबवून ठेवण्याचें. दिवा स्थिर तेवत असला म्हणजे लाइन गुंतलेली. मिनिटाला सुमारें साठ वेळां उघडझांप करूं लागला म्हणजे घंटा वाजत आहे. त्याच्या दुप्पट वेगानें लुकलुकूं लागला म्हणजे कोणी तरी तिष्ठत आहे. या एवढ्याशा भाषेंत कचेरीचा सारा कारभार चाले. चिटणिसानें तांबडें बटण दाबून नुसता आवाज द्यावा, ‘दोन नंबरवर तुमच्यासाठीं आहे,’ आणि पलीकडच्या मेजावरील माणसानें दुसरें बटण दाबून बोलणें पुढें चालवावें. या सोयीची किंमत तारांत मोजावी लागे. अशा एकेका यंत्राला पंचवीस जोड्यांची, म्हणजे पन्नास तारांची जाड दोरी नेऊन जोडावी लागत असे.

हें सर्व एका लहान कचेरींत आणून पाहूं गेल्यास त्याची किंमत नीट कळते. ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत शेणवा हें गांव आहे. भोंवतालीं भातशेती, रान आणि दूरदूर विखुरलेले पाडे. दक्षिणेस मुरबाड तालुका. तेथें भाताची खरेदी करणाऱ्या एखाद्या सहकारी संस्थेची कचेरी आहे अशी कल्पना करावी. मेजें तीन : चिटणिसाचें, हिशेबनिसाचें आणि गुदामाच्या कारकुनाचें. लाइनी दोन. सुगीच्या दिवसांत पाड्यावरचा शेतकरी विचारतो, ‘भात आज आणूं कीं उद्यां? मागचे पैसे जमा झाले कीं नाहीं?’ पहिल्या प्रश्नाचें उत्तर गुदामाच्या कारकुनापाशीं, दुसऱ्याचें हिशेबनिसापाशीं. टेलिफोन मात्र उचलतो चिटणीस. भाड्याचा टेंपो दारांत उभा करून विचारणाऱ्या त्या माणसाला कोणाचें मेज कोठें आहे याच्याशीं कांहीं कर्तव्य नसतें. त्याच्या लेखीं कचेरी एकच असते.

आतां या कचेरींत नवें यंत्र आलें असें समजूं. इंटरनेटच्या टेलिफोनांत आवाजाचे बारीक तुकडे करून ते टपालाच्या पाकिटांप्रमाणें पत्ता घालून रवाना केले जातात. नेहमींच्या रीतींत सेकंदाला असे पन्नास तुकडे निघतात. जोडणी करणें व मोडणें हें काम ‘सिप’ नांवाच्या नियमावलीप्रमाणें चालतें. ती १९९९ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली आणि २००२ सालीं तिला आजचें रूप आलें. या नियमावलीच्या दृष्टीनें संभाषण हें दोन टोंकांमधील खासगी नातें आहे. प्रत्येक यंत्राला आपला स्वतंत्र क्रमांक असतो आणि आलेलें बोलणें त्या एका यंत्राच्या मालकीचें होतें. चिटणिसानें होल्डचें बटण दाबलें तर शेतकरी चिटणिसाच्याच यंत्रावर थांबतो. गुदामाच्या कारकुनाच्या मेजावर दिवा लागत नाहीं आणि कोणतेंहि बटण दाबून त्याला तें बोलणें घेतां येत नाहीं. चिटणिसानें त्याचा क्रमांक लावून तें रीतसर पाठवावें लागतें. तेवढ्यांत कारकून वजनकांट्यापाशीं गेला असला म्हणजे घंटा रिकाम्या खुर्चीपुढें वाजत राहते. यंत्रांत बिघाड नसतो. तें सांगितल्याप्रमाणेंच वागत असतें. पूर्वीं लाइन खोलीची होती, आतां ती खुर्चीची झाली, एवढाच फरक. परंतु शेतकऱ्याचा खोळंबा त्यांतूनच होतो.

जुनी सोय परत आणण्याच्या मुख्य वाटा दोन आहेत. पहिली वाट हुबेहुब नकलेची. तिला सामायिक लाइन म्हणावें. मार्क स्पेन्सर यानें १९९९ सालीं सुरू केलेल्या ‘ॲस्टेरिस्क’ या मुक्त प्रणालींत ही सोय २००६ च्या अखेरीस निघालेल्या १.४ या आवृत्तींत आली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. तांब्याच्या तारेवर दोघांनीं एकच बटण दाबलें तर दोघेहि आपोआप त्याच संभाषणांत येत, कारण तारच एक होती. नव्या यंत्रांत तार नाहीं. म्हणून संगणकाला प्रत्येक लाइनीसाठीं एक अदृश्य सभा भरवावी लागते. बाहेरून आलेला माणूस त्या सभेंत बसतो आणि जो जो बटण दाबील त्याला तेथें आणून बसविलें जातें. पूर्वीं ज्या यंत्रणेवर ही सभा भरत असे ती २०२३ सालच्या २१ व्या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आली. तेव्हां सामायिक लाइनीची सोय दुसऱ्या सभायंत्रणेवर उचलून बसवावी लागली. वापरणाराच्या बटणांत फरक पडला नाहीं. २०१५ सालीं सामायिक लाइनीसाठीं सिपमध्यें स्वतंत्र नियमहि प्रसिद्ध झाले. दोघांनीं एकाच क्षणीं एकच मोकळी लाइन धरली तर ती कोणाला द्यावयाची, यासारखे तंटे त्यांत सोडविले आहेत. तारेला असले तंटे ठाऊकच नव्हते. सर्व कारखान्यांचीं यंत्रें मात्र हे नियम सारख्याच रीतीनें पाळतात असें समजूं नये. खरेदीपूर्वीं तींच यंत्रें आणि तीच प्रणाली जोडून, दोघांनीं दोन मेजांवर बसून, होल्ड व पुन्हां घेणें हें प्रत्यक्ष करून पाहावें.

दुसरी वाट नकलेपेक्षां हेतूकडे अधिक पाहते. तिला ‘पार्क’ करणें म्हणतात. गाडी मैदानांत उभी करावी तसें बोलणें एका सामायिक जागीं उभें करावयाचें. या जागांना ७०१, ७०२ असे क्रमांक देतात आणि प्रत्येक यंत्रावर एकेका जागेचें बटण नेमून ठेवतात. चिटणिसानें बोलणें ७०१ वर ठेवलें कीं तिन्ही मेजांवर तो दिवा लागतो. ज्याच्यापाशीं उत्तर असेल त्यानें बटण दाबावें आणि बोलावें. यांत आणखी एक उपकार आहे. ठराविक वेळांत कोणीं तें घेतलें नाहीं तर बोलणें ज्यानें ठेवलें त्याच्याकडे परत येऊन घंटा वाजते. ॲस्टेरिस्कमध्यें ही मुदत मुळांत ४५ सेकंदांची असते व ती बदलतां येते. जुन्या यंत्राच्या लुकलुकत्या दिव्याकडे दुर्लक्ष करणें शक्य होतें. येथें विसरलेला माणूस स्वतःच आठवण करून देतो.

एकाच खोलींत तीन-चार माणसें आणि दोन-तीन लाइनी असतील, आणि हाताला जुन्या बटणांची संवय असेल, तर पहिली वाट सोयीची. माणसें निरनिराळ्या खोल्यांत बसत असतील, किंवा पुढें वाढणार असतील, तर दुसरी वाट टिकाऊ ठरते. शेणव्याच्या त्या कल्पित कचेरीला, किंवा गिरगांवांतील एखाद्या दवाखान्याला, पार्कच्या दोन जागा आणि सहकाऱ्यांचे गुंतले-मोकळेपण दाखविणारे दोन दिवे एवढ्यानें बहुधा भागेल.

जुन्याचें सर्वच उचलावें असें मात्र नाहीं. जुन्या व्यवस्थेंत कोणीहि बटण दाबून दुसऱ्याचें बोलणें ऐकूं शके. दवाखान्यांत किंवा वकिलाच्या कचेरींत हें चालणार नाहीं. सामायिक लाइन घेतांना चालू बोलण्यांत शिरकाव बंद ठेवण्याची सोय आहे कीं नाहीं हें पाहावें. उलट, लाइनी दोनच आहेत ही जुनी अडचण एक शिस्तहि लावीत असे. दोन्ही दिवे लागलेले दिसले कीं बोलणारा आवरतें घेई. नव्या यंत्रांत एकाच क्रमांकावर पांच-दहा बोलणीं एकदम येऊं शकतात; उत्तर देणारीं माणसें मात्र तीनच राहतात. म्हणून एकाच वेळीं किती बोलणीं आंत घ्यावयाचीं याची मर्यादा माणसें मोजून ठरवावी. घंटा वाजत राहून कोणी न उचलण्यापेक्षां ‘लाइन गुंतली आहे’ हें उत्तर अधिक प्रामाणिक असतें.

शेवटीं विजेचा प्रश्न. तांब्याच्या लाइनीवरील साध्या टेलिफोनला एक्स्चेंजांतील बॅटरीकडून ४८ व्होल्टचा प्रवाह मिळे. गांवांतील वीज गेली तरी तो बोलत असे. इंटरनेटच्या टेलिफोनला राऊटर, स्विच आणि यंत्र या तिघांनाहि वीज लागते. पावसाळ्यांत वीज जाणें ज्या भागांत नेहमींचें, तेथें या तिघांना बॅटरीचा आधार दिल्यावांचून बाकीची सर्व व्यवस्था व्यर्थ होय. इंटरनेटचा वेग त्या मानानें थोडा पुरतो. एका संभाषणाला प्रत्येक दिशेनें सेकंदाला शंभर किलोबिटांहूनहि कमी लागतात. वेगापेक्षां सातत्य महत्त्वाचें.

यंत्र विकत घेण्यापूर्वीं कचेरीनें एक कागद घ्यावा. घंटा कोणाकोणाकडे वाजावी, थांबविलेला माणूस कोणाकोणाला दिसावा, आणि तो किती वेळानें कोणाकडे परत यावा, या तीन प्रश्नांचीं उत्तरें त्यावर लिहावीं, आणि तो कागद यंत्र बसविणाराच्या हातीं द्यावा. जुन्या यंत्रांत हीं उत्तरें तारांतच गुंफलेलीं होतीं, म्हणून कोणाला विचार करावा लागला नाहीं. नव्या यंत्रांत तीं माणसानें सांगावीं लागतात. तीं सांगितलीं नाहींत, तर यंत्र आपल्या मतीनें चालतें आणि तिष्ठत राहतो तो पलीकडचा माणूस.