घरात घटस्फोटाची वेळ आली तर : वडीलधाऱ्यांनी काय जाणून घ्यावे

(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक मेळाव्यात आरतीनंतर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते आपल्या ट्रस्टच्या मदत समितीचे सभासद आहेत.)



आजचा विषय जरा जड आहे. मंदिरात घटस्फोटावर बोलावं का, असं काहींनी विचारलं. पण मदत समितीला जे फोन येतात, ते पुष्कळदा नवराबायकोचे नसतात, त्यांच्या आईवडिलांचे असतात. ‘मुलीला कोर्टाचे कागद आले, आता काय?’ ‘घरासाठी आम्ही दिलेले पैसे बुडाले का?’ ‘नातवंडं भेटतील ना?’ हे प्रश्न देवळाच्या पायरीवर विचारले जातात, तर उत्तरंही इथेच द्यायला हवीत. मी सांगतो ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे.

पहिली गोष्ट. ६ एप्रिल २०२२ पासून इथे घटस्फोटासाठी कुणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. पूर्वी व्यभिचार, छळ असं काही तरी लिहावं लागे, नाहीतर दोन किंवा पाच वर्षं वेगळं राहावं लागे. आता ‘हा संसार पुन्हा जुळण्यासारखा नाही’ एवढं निवेदन पुरतं. म्हणून कागद आले म्हणजे आपल्या मुलावर किंवा लेकीवर ठपका आला, असं समजू नका. आणि ‘आम्ही सहीच करणार नाही, बघू कसा घटस्फोट मिळतो’ ह्या हट्टालाही आता अर्थ नाही. नुसतं मान्य नाही म्हणून घटस्फोट अडवता येत नाही.

क्रम असा. लग्नाला एक वर्ष झालेलं हवं. अर्ज ऑनलाइन होतो, एकट्याने किंवा दोघांनी मिळून. कोर्टाची फी सहाशे पौंडांच्या आसपास आहे. उत्पन्न आणि शिल्लक कमी असेल तर फीमध्ये सवलत मागता येते. एकट्याने अर्ज केला असेल तर दुसऱ्याने १४ दिवसांत पोच द्यायची. कागद तसेच कपाटात ठेवले म्हणून प्रकरण थांबत नाही. अर्ज दाखल झाल्यापासून २० आठवडे थांबावं लागतं. मग ‘कंडिशनल ऑर्डर’, त्यानंतर सहा आठवडे आणि एक दिवस गेल्यावर ‘फायनल ऑर्डर’ मागता येते. म्हणजे कमीत कमी सहा महिने. हे २० आठवडे विचार करायला आणि पैशांचं, मुलांचं ठरवायला ठेवले आहेत. त्या काळात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तेल ओतू नये.

ज्यांना घटस्फोट नको, पण एकत्र राहणंही शक्य नाही, त्यांच्यासाठी ‘ज्युडिशिअल सेपरेशन’ आहे. त्याला वर्षाची अट नाही. मात्र लग्न कायम राहतं, दुसरं लग्न करता येत नाही.

इथे एक सावधगिरी. इथल्या मंदिरात किंवा हॉलमध्ये सप्तपदी झाली, पण कायद्याने नोंदणी झालीच नाही, तर कायद्याच्या नजरेत ते लग्नच नव्हे. मग घटस्फोटही नाही, आणि पत्नी म्हणून पैशांवर हक्कही नाही. नातवंडांच्या लग्नात मुहूर्त बघता, तशी नोंदणीही बघा. भारतात रीतसर झालेलं लग्न इथे सर्वसाधारणपणे मानलं जातं. दाखला मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

आता पैसे. घटस्फोट मिळाला म्हणजे पैशांचा निकाल लागला असं नाही. त्याचा हुकूम वेगळा घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर काही वर्षांनीही मागणी येऊ शकते. घर, बचत, पेन्शन सगळं मोजलं जातं. घर फक्त नवऱ्याच्या नावावर असेल, तरी बायकोला तिथे राहण्याचा हक्क लँड रजिस्ट्रीत नोंदवता येतो. तो हक्क सहसा फायनल ऑर्डरबरोबर संपतो, म्हणून पैशांचं ठरल्याशिवाय त्या ऑर्डरची घाई नको.

आपण घराच्या डिपॉझिटला दिलेले पैसे कर्ज होते की भेट, हे कोर्ट कागदावरून बघतं. भांडण झाल्यावर ‘ते उसने दिले होते’ म्हणणं फार टिकत नाही. देतानाच दोघांच्या सहीने लिहून ठेवा. दागिन्यांची यादी आणि फोटोही ठेवा.

नातवंडांचा प्रश्न सगळ्यात नाजूक. आजीआजोबांना भेटीचा आपोआप हक्क इथे नाही. अर्ज करायचा तरी आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, आणि बहुधा त्याआधी मध्यस्थीची माहिती घेण्याची बैठक. कोर्ट सगळ्यात आधी मुलाचं हित बघतं. म्हणून स्वस्त आणि खरा उपाय एकच : सुनेशी किंवा जावयाशी बोलणं तोडू नका, आणि नातवंडांसमोर त्यांच्या आईबद्दल, बाबांबद्दल वाईट शब्द काढू नका. संसार मोडला तरी तुम्ही आजीआजोबाच राहता.

लग्न भारतात झालं असेल तर आणखी एक गोष्ट. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या एका निर्णयानुसार परदेशी घटस्फोट तिथे आपोआप चालतोच असं नाही, विशेषतः दुसऱ्या बाजूची संमती नसेल तर. तिथे पुन्हा लग्न करण्याआधी किंवा जमिनीचा व्यवहार करण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा.

शेवटी, जिथे मारहाण आहे, धमकी आहे, पैसे आणि पासपोर्ट काढून घेतले आहेत, तिथे ‘थोडं सहन कर’ असं कृपा करून सांगू नका. धोका असेल तर ९९९. सल्ल्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन ०८०८ २००० २४७, चोवीस तास, मोफत. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या पीडित सुनेलाही इथे राहण्याचा अर्ज करण्याची वेगळी वाट आहे, ‘व्हिसा जाईल’ ह्या भीतीने तिने गप्प बसू नये. छळाचा पुरावा असेल आणि उत्पन्न कमी असेल तर सरकारी खर्चाने वकीलही मिळू शकतो.

मंडळी, प्रत्येक घराची गोष्ट निराळी असते. मी सांगितलं ती वाट, सल्ला मात्र सॉलिसिटरचाच घ्या.

मदत समितीचे आवाहन : कागदपत्रांचे भाषांतर, सॉलिसिटरकडे जाण्यायेण्याचा खर्च आणि काही दिवसांचा किराणा यासाठी गरजू सभासदांना मदत निधीतून साहाय्य केले जाते. देणगीच्या पाकिटावर ‘मदत निधी’ असे लिहावे. सॉलिसिटरच्या भेटीत सोबत बसून मराठीत समजावून सांगू शकतील अशा स्वयंसेवकांची, विशेषतः महिलांची, गरज आहे. कार्यालयात भेटावे. कुणाचेही नाव बाहेर जाणार नाही.